जुन्या कारचा एअर इनटेक: थंड हवेसाठी घरगुती डक्ट

मुंबईत सायनच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची हवा तापते आणि इंजिन तीच ओढतं. हवा ३०वरून ६० अंशांवर गेली की घनता साधारण ९ टक्क्यांनी घटते आणि पिकअप मंदावतो. यावर उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ फिल्टर लावू नका. तो तीच गरम हवा ओढतो, वर आवाज वाढतो.

मूळ फिल्टर बॉक्स तसाच ठेवला, फक्त त्याचं तोंड हेडलाइटमागच्या पोकळीत नेलं. बॉक्सच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मोजून तेवढ्याच मापाचा, आत तारेची गुंडाळी असलेला सिलिकॉन डक्ट, म्हणजे लवचिक नळी, घेतला. कुर्ल्याला सहज मिळतो. त्याहून बारीक नको, इंजिनाचा श्वास कोंडतो. ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप तर नकोच, ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. दोन्ही टोकांना जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची गोल पट्टी), मध्ये एक ब्रॅकेट. एक्झॉस्ट आणि फॅन बेल्टपासून लांब.

फिल्टरच्या अलीकडे, डक्टच्या बाजूला, जोड ढिला असेल तर फक्त गरम हवा शिरते. पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, ढिला असेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये.

तोंड बंपरखाली कधीच उतरवू नका. हिंदमाताला पाणी तुंबलं की इंजिन ते ओढतं, कनेक्टिंग रॉड वाकतो. डक्टच्या सर्वांत खालच्या वळणाला ४ मिमीचं भोक पाडा, पावसाचे थेंब निथळतात. टॉप स्पीड काही वाढत नाही.