विश्वाला शेवट आहे का? मुलांना हे अमावास्येच्या रात्री कसं सांगावं

हा प्रश्न आमच्या शाळेच्या आकाशदर्शनाला हटकून येतो. मी मुलांना कार्तिक अमावास्येच्या सुमारास वांगणीला नेते. तेव्हा पावसाळी ढग सरलेले असतात, म्हणून तुम्हीही तीच वेळ धरा.

उत्तर लगेच देऊ नका. आधी विचारा, "दोन ताऱ्यांमधली जागा काळी का?" मुलं म्हणतील, सूर्य मावळला म्हणून. मग त्यांना पुढे न्या. विश्व अमर्याद असेल, अनादी आणि स्थिर असेल, तारे सगळीकडे विखुरलेले असतील, तर नजर कुठेही वळवा, ती शेवटी कुठल्या तरी ताऱ्यावरच टेकेल. म्हणजे सगळं आकाश सूर्यासारखं धगधगायला हवं! ब्रेमेनचे डॉक्टर हाइन्रिश ओल्बर्स यांनी १८२३ साली हेच कोडं मांडलं होतं.

आता देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, दाखवा. शर्मिष्ठा या M आकाराच्या तारकासमूहाचा टोकदार कोन जिकडे रोखलेला असतो, तिकडे बायनॉक्युलर वळवलं की धूसर डाग सापडतो. त्याचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचं आपोआप उलगडतं: विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, म्हणून फार लांबचा प्रकाश अजून पोचलेलाच नाही. काळोखाचं मुख्य कारण हे.

इथे बरेच जण घसरतात आणि "म्हणजे विश्व मर्यादित" असं सांगून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. काळोख वयाबद्दल सांगतो, विस्ताराबद्दल नाही. अवकाश प्रसरण पावत असल्यानं आपल्याला दिसू शकणारा भाग आज प्रत्येक दिशेला सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षं पसरलाय, आणि त्यापलीकडेही विश्व आहेच.

विस्तारासाठी कागद घ्या. त्यावर त्रिकोण काढा, कोनांची बेरीज १८० अंश. कागदाची नळी करा, बेरीज तीच राहते, पण आता एका दिशेनं चालणारी मुंगी परत जागेवर येते. विश्वातला सर्वांत जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनुसार अवकाश जवळजवळ सपाट आहे, म्हणजे तिथेही त्रिकोणाच्या कोनांची बेरीज जवळजवळ १८० अंशच, पण सपाट म्हणजे अनंत असं सिद्ध होत नाही, हे नळीवरून पाचवीतल्या मुलालाही पटतं.

"महास्फोट कुठे झाला?" असं कुणी विचारलंच, तर सांगा: सगळीकडे. विश्व आज अनंत असेल, तर तेव्हाही अनंतच होतं, फक्त कमालीचं दाट.

"मग दुसरी मी कुठेतरी असेन?" हाही प्रश्न येतो. तो हसण्यावारी नेऊ नका. विश्व खरंच अनंत असेल आणि सगळीकडे अशाच प्रकारे भरलेलं असेल, तर ठरावीक जागेत अणूंच्या शक्य रचना मोजक्याच, त्यामुळे त्या कुठेतरी पुन्हा याव्या लागतील. यातले दोन्ही 'तर' मुलांकडून वहीत लिहून घ्या.