एप्रिलमध्ये सायकलवर मयोर्का

स्पेनच्या मयोर्का बेटावर सायकल चालवायला मार्चअखेर ते एप्रिल हाच काळ निवडा. उन्हाळ्यात तिथे फार तापतं. शेंगेन व्हिसा आधी मिळवा, मगच सायकल आरक्षित करा. मुक्काम पोर्ट द पोयेन्साला ठेवा. त्रामुंताना डोंगर जवळ आणि पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला सपाट रस्तेही.

भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेक बघा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. मी सवयीने उजवा दाबला आणि मागचं चाक घसरलं. शिवाय रहदारी उजवीकडून. अर्धा दिवस याच्या सरावाला द्याच.

सा कालोब्रा हा समुद्राकडे उतरणारा घाटरस्ता मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी. इथे आधी उतरायचं, मग तोच सुमारे साडेनऊ किलोमीटरचा, सरासरी ७ टक्क्यांचा चढ चढायचा. १९३०च्या दशकात अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने आखलेला हा रस्ता एका जागी वळून स्वतःच्याच खालून जातो. तिथे मी थांबून नुसती बघत राहिले. पर्यटकांच्या बस येण्याआधी, सकाळी लवकर पोहोचा. उतारावर गारठा झोंबतो, म्हणून पातळ विंडचीटर खिशात हवाच. खाली समुद्राशी बाटल्या भरून घ्या.