गोव्यात ‘इथली’ वाइन कशी शोधावी, कशी पारखावी

गोव्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘वाइन शॉप’च्या पाट्या दिसतात, पण द्राक्षाचा मळा शोधूनही दिसत नाही. इथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बाकीचे महिने समुद्रावरची दमट हवा आणि पायाखाली जांभा. भुरी आणि केवडा या बुरशीच्या रोगांच्या धास्तीने द्राक्षबागायतदाराला नाशिक-तासगावच्या कोरड्या हवेतही झोप लागत नाही. गोव्यातल्या बार्देशात किंवा सासष्टीत वेल चढवायचं त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

तरीही पाहुणा विचारतोच, “इथली लोकल वाइन कुठली?” दुकानदार हसतमुखाने एक गोड लाल बाटली पुढे ठेवतो. तो खोटं बोलत नाही आणि पूर्ण खरंही बोलत नाही. म्हणून कुठल्याही बाटलीला हात लावण्याआधी तीन प्रश्न तयार ठेवा: फळ कुठलं, ते पिकलं कुठे, आणि बाटलीत भरलं कुठे? गोव्यात या तिन्हींची उत्तरं क्वचितच एका गावाची निघतात.

बाटली उलटी करून वाचा

पुढच्या लेबलवर गलबत असेल, माड असेल, चर्चचा मनोरा असेल. त्याकडे दुर्लक्ष करा. कामाचा मजकूर मागे, बारीक अक्षरात असतो. त्यात आधी उत्पादकाचा पत्ता बघा. तो गोव्यातल्या एखाद्या औद्योगिक वसाहतीचा असला, तर वाइन गोव्यात तयार झाली किंवा निदान भरली गेली एवढंच कळतं. द्राक्षं घाटावरून आलेली असतात, महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून. द्राक्षाच्या जातीचं नाव छापलेलं नसेल आणि वाइन लाल-गोड असेल, तर ती बेंगळुरू ब्लू असण्याची शक्यता मोठी. गाड्यांवर मिळणारी ती बियांची काळी-जांभळी द्राक्षं तुम्ही खाल्लेली असतीलच.

पत्त्यानंतर मद्यार्काचा टक्का बघा आणि मग ‘फोर्टिफाइड’ (वरून कडक मद्य घातलेली), ‘स्वीट’ किंवा ‘फ्लेवर’ असा काही शब्द आहे का ते बघा. फ्लेवर घातलेला असेल तर पारखण्यासारखं फारसं उरत नाही, बाटली परत फळीवर ठेवा.

नाशिक, अकलूज किंवा बेंगळुरूजवळच्या वायनरींच्या बाटल्याही गोव्यात सगळीकडे मिळतात. त्यातल्या कित्येक उत्तम आहेत. माशाच्या आमटीबरोबर नाशिकची थंडगार शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन मला कुठल्याही लाल वाइनपेक्षा जास्त रुचते. पण ती नाशिकची म्हणून घ्या, गोव्याची आठवण म्हणून नको.

पोर्ट वाइन: तिला तिच्याच मापाने मोजा

गोव्याची म्हणून जी वाइन ओळखली जाते ती ही. पोर्तुगीज राजवट 1961 साली संपली, गोड लाल वाइनची चव मात्र घराघरांत राहिली. लग्नाच्या जेवणात, नाताळाला, पाहुणा आला की छोट्या ग्लासात, केकच्या पिठात, अशी ती सगळीकडे असते. फेणीला नाक मुरडणाऱ्या आज्याही ही आनंदाने घेतात.

खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. तिथे आंबणं अर्ध्यावर आलं की रसात द्राक्षाचंच कडक मद्य ओततात. आंबणं थांबतं, फळातली साखर तशीच राहते आणि मद्यार्क 19 ते 22 टक्क्यांपर्यंत जातो. गोव्याची पोर्ट बहुतेक वेळा त्यापेक्षा बरीच सौम्य असते, आणि तिच्यातला गोडवा त्याच वाटेने आलेला असेलच असं नाही. त्यामुळे दोरूची पोर्ट प्यायलेला माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो आणि त्यावरून सगळ्या गोव्याचा निकाल लावतो. हा अन्याय आहे. तुलना करायचीच तर दोन गोवन बाटल्यांची करा.

विकत घेताना दुकान बघा. दुपारचं ऊन जिच्यावर येतं त्या काचेतली बाटली कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. किनारपट्टीच्या उकाड्यात वाइनचं जेवढं नुकसान दुकानात होतं तेवढं वायनरीत होत नाही. मानेपाशी बोट फिरवून बघा, चिकट लागलं तर बाटली गरम होऊन झिरपलेली आहे. शेजारच्या बाटल्यांपेक्षा पातळी खाली असेल तर तेच. ज्या दुकानात माल पटापट उठतो तिथून घ्या. किनाऱ्यावरच्या दिखाऊ दुकानापेक्षा म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या बाजारातलं गर्दीचं दुकान बरं. जमलं तर सगळ्यात लहान बाटली घ्या, पारखायला तेवढी पुरते.

आता ग्लास. तासभर फ्रिजमध्ये ठेवून मगच ओता, खोलीच्या तापमानाला ठेवायचा नियम थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. कड जांभळी किंवा लालभडक दिसायला हवी. ती विटकरी-तपकिरी दिसली तर ही वाइन जुनी झालेली नाही, शिजलेली आहे. मग वास. काळ्या द्राक्षांच्या जॅमसारखा गडद, थोडा उग्र वास हा दोष समजू नका, बेंगळुरू ब्लूचा तो स्वभावच आहे. दोष ओळखायचे ते असे: नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास, व्हिनेगरचा झणका, ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. घोट घेतल्यावर गोड तर लागणारच. त्या गोडाच्या मागून आंबटपणा येतो का, एवढंच बघा. आला तर वाइन जिवंत आहे. घोट गिळल्यावर जिभेवर नुसता पाक उरला, तर ती बाटली केकसाठी ठेवा.

खायला बिबिंका, म्हणजे थरांचा गोवन केक, किंवा तळलेलं चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज. तिखट, खारट, आंबट चोरिसाबरोबर ही वाइन जी बसते ती महागड्या कोरड्या रेड वाइनने बसत नाही. मासे मात्र नकोत.

घरची वाइन

नाताळाच्या आधी काही महिने ख्रिस्ती घरांत बरण्या भरल्या जातात. काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, लवंग-दालचिनी. कुणी जांभळाची करतं, कुणी आल्याची, कुणी बिटाचीही. ती दुकानात शोधू नका, ती ओळखीतून मिळते. कुणाच्या घरी उतरला असाल तर यजमानीणबाईंना विचारा. “आंटी, यंदा वाइन घातली का?” या एका प्रश्नावर निम्मी बोलणी होतात.

दोन गोष्टी सांभाळा. बाटली उघडताना फसफसून वर आली तर आत अजून आंबणं चालू आहे; ती गाडीच्या डिकीत ठेवून फिरलात तर फुटेल. आणि स्वतः करणारे जी पितात तीच घ्या. रस्त्याकडेला विनालेबल विकली जाणारी ‘होममेड’ बाटली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या, तिच्यात काय मिसळलंय हे नाकाने कळत नाही.

गोव्याचंच फळ हवं असेल तर बोंडूच्या मागे जा

फळ इथलं, पिकलं इथे, भरलं इथे, अशी तिन्ही उत्तरं गोव्याचीच हवी असतील तर द्राक्ष विसरा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला आणि तो इथल्या डोंगरउतारांवर असा रुजला की आता रानचाच वाटतो. काजूच्या बोंडूंपासून होते ती हुर्राक आणि फेणी. वाइन नव्हे, भट्टीचं मद्य. पण फळाचा हंगाम आणि गावाची माती ग्लासात उतरणं म्हणजे काय, ते गोव्यात इथेच कळतं.

हंगाम साधारण मार्च ते मे. त्या दिवसांत सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण अशा तालुक्यांतून जाताना वासानेच भट्टी कळते. झाडावरून तोडलेला बोंडू चालत नाही, पिकून खाली पडलेलाच घेतात. बी वेगळी काढून बोंडू तुडवतात किंवा यंत्रात चिरडतात. लगद्याचा ढीग रचून वर वजन ठेवलं की हळूहळू ठिबकतो तो नीरो. ताजा नीरो पोरंसोरंही पितात. मिळाला तर सकाळीच प्या, दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. बाकीचा रस काही दिवस आपोआप आंबू देतात, यीस्ट वगैरे काही घालत नाहीत. मग तो भाण्यात तापवतात. पहिल्या धारेची हुर्राक, सौम्य, साधारण 15 टक्क्यांच्या आसपास. तीच आंबलेल्या रसाबरोबर पुन्हा उकळून निघते ती फेणी, चाळिशीच्या पुढची.

हुर्राक बाटलीबंद शोधण्यापेक्षा गावातल्या बारमध्ये मागा. बारवाल्याला ‘पात्रांव’ (म्हणजे मालक) म्हणा, मराठीत बोललात तरी चालतं, पेडणे-डिचोलीकडे तर सर्रास. संभाषण साधारण असं होतं:

“पात्रांव, हुर्राक खंयची?”

“वाळपयची. काल आयली.”

“आधी थोडी वासाला द्या.”

यातला मधला शब्द महत्त्वाचा, ‘काल’. गावाचं नाव आणि दिवस दोन्ही न अडखळता सांगणाऱ्याकडे बसा. “एकदम फर्स्ट क्लास” एवढंच सांगणाऱ्याकडे बिअर मागवा.

पारखायची रीत सोपी आहे. हुर्राक पाण्यासारखी नितळ हवी. दोन थेंब तळहातावर चोळा आणि मद्य उडून जाईपर्यंत थांबा. मागे पिकल्या बोंडूचा वास राहिला पाहिजे, गोडसर आणि किंचित तुरट. मागे काहीच राहिलं नाही तर पाणी किंवा भलतं मद्य मिसळलेलं असण्याचा संशय घ्या. करपट वास आला तर भट्टीवाल्याने जाळ जास्त केला आणि रस तळाला लागला. अत्तरासारखा तीव्र वास आला तर तो फळाचा नाही.

प्यायची पद्धत ठरलेली आहे: लिम्का किंवा लिंबूसोडा, चिमूट मीठ, लिंबाची फोड आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. हे नखरे नव्हेत, मिरचीने बोंडूचा वास खुलतो. गोड लागते म्हणून भरभर पिऊ नका. मे महिन्याच्या उन्हात ती चढते तेव्हा सांगून चढत नाही. पाऊस सुरू झाला की हुर्राकचा नाद सोडा, ती साठवून ठेवायची चीज नाही.

पावसाळ्यात किंवा डिसेंबरात आलात तर फेणी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा लेबलवर ‘काजू’ आणि गोव्यातला उत्पादक स्पष्ट लिहिलेला बघा. पारंपरिक फेणी काचेच्या मोठ्या बुधल्यांत मुरते, लाकडात नाही, म्हणून ती बिनरंगाची असते. पिवळसर दिसली तर विचारा. कधी ती मुद्दाम लाकडात ठेवलेली असते, कधी मसाल्याची, कधी दुकशिरीच्या, म्हणजे अनंतमुळाच्या, मुळांची लालसर. उत्तर मिळालं तर ठीक. दक्षिण गोव्यात माडाच्या सुरेपासूनची, म्हणजे माडीपासूनची, फेणीही विचारा. ती काजूच्या मानाने मऊ आणि कमी वासाची, नवख्याने तिथूनच सुरुवात केलेली बरी. ‘फेणीला वास येतो’ अशी तक्रार करणाऱ्याने ती पिऊच नये, हे माझं जरा हट्टी मत.

बसायला जागा हवी असेल तर पणजीच्या फोंतेन्हास भागातला जोसेफ बार प्रसिद्ध आहे. जागा हातभर, पण हंगामात हुर्राक मिळते. जुनी भांडी, बुधले आणि मापं बघायची असतील तर कांदोळीला ‘ऑल अबाउट अल्कोहोल’ हे संग्रहालय आहे. आधी ते बघून मग बारमध्ये गेलात तर पात्रांवाला प्रश्न नेमके विचाराल.

परत येताना

भाड्याची स्कूटर घेऊन बार फिरू नका. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क आहे, आणि हुर्राकचे दोन ग्लास ती सहज ओलांडायला लावतात. समुद्रकिनाऱ्यावर बाटली उघडायलाही बंदी आहे.

महाराष्ट्रात गाडीने परतणाऱ्यांनी बाटल्यांचा मोह आवरावा. गोव्यात विक्रीसाठीची दारू महाराष्ट्रात आणली की उत्पादन शुल्क खातं ती जप्त करतं आणि गुन्हा नोंदवतं. इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात, तिथे ‘फक्त चवीसाठी दोनच’ ही सबब कुणी ऐकत नाही. एखादी बाटली न्यायचीच असेल तर परवान्याचं काय लागतं ते आधी त्या खात्यालाच विचारा, दुकानदाराच्या “काय होत नाय” वर जाऊ नका. विमानाने जाणाऱ्यांनी फेणी सीलबंद, कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवावी. 24 ते 70 टक्के मद्यार्काची माणशी 5 लिटरपर्यंत चालते. मात्र उतरणार त्या राज्याचा नियम वेगळा, तोही बघून ठेवा.

उघडलेली पोर्ट उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि थोड्या दिवसांत संपवा. फेणी मात्र कपाटात वर्षभर ठेवली तरी बिघडत नाही, झाकण प्लास्टिकऐवजी बुचाचं असेल तर तेवढं अधूनमधून तपासा.