कोड आवरायला घेण्याआधी

कोडमधली गुंतागुंत आणि पुनरावृत्ती कमी करायची म्हटलं की हात शिवशिवायला लागतात. तीनशे ओळींचं फंक्शन समोर येतं, त्यात तोच मजकूर तीनदा चिकटवलेला दिसतो आणि आपण थेट कापाकापीला लागतो. ही यादी त्या कापाकापीच्या आधीची. यातली बरीच कामं एकही ओळ न बदलता करायची आहेत, आणि ती झाल्यावर मूळ बेतातला निम्मा भाग गळून पडला तर यादी कामाला आली म्हणायची.

सगळ्यात आधी कारण एका वाक्यात लिहून काढा. ‘कोड घाण आहे’ हे कारण नव्हे. ते मत झालं, आणि बहुधा दुसऱ्याने लिहिलेल्या कोडबद्दलचं. ‘पैसे भरायचा नवा मार्ग जोडायचा तर सात फाइलींना हात लावावा लागतो, तो दोन फाइलींवर आणायचा’ हे कारण. असं वाक्य हाताशी असलं की मॅनेजरला वेळ मागता येतो, रिव्ह्यू करणाऱ्याला काय बघायचं ते कळतं आणि काम कुठे थांबवायचं हेही ठरतं. वाक्य सुचतच नसेल तर तूर्तास तो कोड आहे तसा राहू द्या.

मग जागा निवडा. इथे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं फार होतं. जे मोड्यूल डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपतं ते दोन वर्षांत कुणी उघडलेलंही नसतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या लॉगमधून गेल्या वर्षभरात कुठली फाइल किती कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांत) बदलली ते मोजा. एका ओळीच्या कमांडचं काम आहे. शेजारी त्या फाइलींची गुंतागुंत मांडा. दोन्ही आकडे मोठे असतील तिथे खरा त्रास आहे. कुरूप पण वर्षानुवर्षं न हललेला कोड कुणाला छळत नाही. तो बदलला तर मात्र नक्की छळेल.

गुंतागुंत मोजायला थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी बहुतेक साधनांत तयार मिळते. फंक्शनमध्ये निर्णयाच्या जागा किती ते मोजायच्या आणि त्यात १ मिळवायचा, असा तिचा सोपा हिशोब. मॅकेब यांनी १० ही वरची मर्यादा सुचवली होती. लिझर्ड हे साधन १५ च्या पुढे इशारा देतं, जावास्क्रिप्ट तपासणाऱ्या ईएसलिंटच्या नियमाची मूळ मर्यादा २० आहे. म्हणजे आकडा पवित्र वगैरे काही नाही. पंधरा केसेसचा सरळसोट स्विच १६ दाखवतो आणि एका नजरेत वाचून होतो. एका लूपच्या पोटात दुसरा लूप, त्याच्या पोटात तीन इफ, त्यातला एक नकारार्थी, हे प्रकरण ६ दाखवतं आणि वाचताना घाम फोडतं. म्हणून आकड्याबरोबर इंडेंटेशन किती खोल गेलंय तेही बघा. घरट्यात घरटं किती, याला जास्त वजन देणारं कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाचं माप सोनार (Sonar) या कंपनीच्या साधनांत आहे. वाचणाऱ्याच्या त्रासाच्या ते अधिक जवळ जातं, असं माझं मत.

यानंतरचा प्रश्न कोडला नाही, माणसांना विचारायचा आहे: ही गुंतागुंत आपण घातलीय की कामातच आहे? सॉफ्टवेअर अभियंते फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये हा भेद नीट मांडला होता, विषयाच्या अंगची गुंतागुंत वेगळी आणि आपल्या साधनांमुळे, सवयींमुळे आलेली वेगळी. करआकारणीचे नियमच बारा अपवादांचे असतील तर कोडमध्ये बारा फांद्या येणारच. त्या लपवता येतील, एखाद्या तक्त्यात मांडता येतील, नाहीशा करता येणार नाहीत. म्हणून जिथे विचित्र अट दिसेल तिथे ‘ही का आहे’ असं लिहून ठेवा आणि ज्याला तो नियम माहीत आहे त्याला गाठा. तो नोकरी सोडून गेला असेल तर गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते), जुनं तिकीट, कमिटचा संदेश, जे मिळेल ते वाचा. उत्तर न मिळालेल्या अटी वेगळ्या काढा. पहिल्या फेरीत त्यांना हात नाही.

आता पुनरावृत्ती. शोधायला साधनं आहेत: पीएमडीसोबत येणारं सीपीडी, किंवा जेएससीपीडी. ही साधनं ओळींऐवजी टोकनांची, म्हणजे कोडमधल्या सुट्या शब्दांची आणि चिन्हांची, तुलना करतात, त्यामुळे मोकळ्या जागा किंवा ओळींची मोडतोड बदलली तरी फसत नाहीत. १०० टोकनांच्या मर्यादेपासून सुरुवात करा. ३० वर ठेवलीत तर निम्मी यादी इम्पोर्टच्या ओळींचीच येईल. आपोआप तयार होणारा कोड आणि डेटाबेसच्या मायग्रेशन (त्याची रचना बदलणाऱ्या फाइली) आधीच वगळा. मायग्रेशनमधली पुनरावृत्ती तिथेच असायला हवी, कारण ती त्या दिवसाची नोंद आहे.

साधनाने दिलेली यादी ही संशयितांची यादी. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचा: उद्या यातलं एक बदलावं लागलं तर दुसरं बदलावंच लागेल का? ग्राहकाचं नाव ५० अक्षरांपेक्षा मोठं नको आणि वस्तूचं नाव ५० अक्षरांपेक्षा मोठं नको, ही दोन फंक्शनं अक्षरन् अक्षर सारखी असतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती एकत्र केली की वस्तूच्या नावाची मर्यादा ८० करायच्या दिवशी कुणीतरी त्यात दुसरा पॅरामीटर घालणार, मग तिसरा. उलट पासवर्डचा नियम ब्राउझरमध्ये एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, सर्व्हरवर चार इफमध्ये आणि मदतीच्या पानावर एका वाक्यात लिहिलेला असतो. तिन्ही दिसायला पूर्ण वेगळे, साधनाला सापडणारही नाहीत, आणि नियम मात्र एकच. खरी पुनरावृत्ती ही. ड्राय (DRY, ‘तेच ते पुन्हा लिहू नका’) हे तत्त्व १९९९ मध्ये मांडलं गेलं तेव्हाही ते ओळींबद्दल नव्हतं, माहितीबद्दल होतं. पुढे कधीतरी त्याचा ‘सारखं दिसलं की एकत्र करा’ असा सोयीचा अर्थ रूढ झाला. तेव्हा साधनाच्या यादीशेजारी आपली स्वतःची यादी हवी: कुठले नियम एकाहून जास्त ठिकाणी लिहिले आहेत? ही यादी बग ट्रॅकरमधून लवकर मिळते. ‘इथे दुरुस्त केलं, तिथे राहिलं’ अशी तिकिटं काढा, बास.

सगळ्यात अवघड असतात त्या जवळजवळ सारख्या जोड्या. एक फंक्शन बिलावरचा कर काढतं, दुसरं परताव्यावरचा. वीस ओळींपैकी एकोणीस सारख्या. फरक एवढाच की पहिल्यात दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन लूपच्या आत होतं, दुसऱ्यात लूप संपल्यावर. घाईत हा निष्काळजीपणा वाटतो. १०.१० किमतीच्या तीन वस्तू घ्या, कर ५ टक्के. प्रत्येक वस्तूवर ०.५०५, वर पूर्णांकन केलं की ०.५१, तिघांचे मिळून १.५३. आधी बेरीज केली तर ३०.३० वर १.५१५, म्हणजे १.५२. शेवटच्या अंकात एकाचा फरक, रोज हजारो व्यवहारांत. यातलं बरोबर कुठलं, हे कोड वाचून कळणार नाही. हिशोब बघणाऱ्या माणसाला विचारावं लागेल. कदाचित दोन्ही बरोबर असतील, कदाचित परताव्यातला बग कुणाच्या लक्षात आलेला नसेल. काहीही निघो, तो निर्णय आधी, वेगळ्या कमिटमध्ये. एकत्रीकरणाच्या पोटात गपचूप हिशोब बदलून टाकायचा नाही. आणि भाषा बदलत असाल तर हेही तपासा: पायथॉनचं राउंड २.५ चे २ करतं, जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड ३.

यावरून पुढची तयारी ओघानेच येते, ती म्हणजे टेस्ट. इथे ‘कोडने काय करायला हवं’ याच्या टेस्ट नकोत, ‘कोड आज काय करतो’ याच्या हव्यात, चुकांसकट. फंक्शनला खऱ्यासारखी इनपुट द्या, जे बाहेर येईल ते फाइलमध्ये साठवा, तेच अपेक्षित उत्तर माना. प्रॉडक्शनमधला डेटा वापरत असाल तर नावं, फोन नंबर आधी काढून टाका. आजची तारीख, रँडम आकडे, नेटवर्क कॉल आणि डेटाबेसमधून येणाऱ्या ओळींचा क्रम या चार गोष्टी बांधून ठेवल्या नाहीत तर टेस्ट कधी हिरवी, कधी लाल होईल आणि आठवड्याभरात तिच्याकडे कुणी बघणार नाही. शून्य वस्तूंचं बिल, ऋण रक्कम, रिकामी स्ट्रिंग आणि नल (मूल्यच नसणं) यांच्यातला फरक, २९ फेब्रुवारी, ही इनपुटं आवर्जून घाला. कव्हरेज ९० टक्के दिसलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. ती ओळ चालली एवढंच कव्हरेज सांगतं. चुकली असती तर कुणी पकडलं असतं का, हे नाही. मुद्दाम एका ठिकाणी ‘पेक्षा मोठं’चं ‘पेक्षा मोठं किंवा समान’ करून बघा. एकही टेस्ट लाल झाली नाही तर अजून तयारी झालेली नाही.

कोण कोण हे फंक्शन वापरतं तेही पक्कं करा. एडिटरचा ‘वापर शोधा’ हा पर्याय पुरेसा नाही. नाव स्ट्रिंगमधून जोडून हाक मारणारा कोड असतो, कॉन्फिगरेशनच्या फाइली असतात, रात्री चालणारे जॉब असतात, दुसऱ्या टीमची स्क्रिप्ट असते. वापरात नसलेला कोड काढून टाकणं हा गुंतागुंत कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग, पण तो खरंच वापरात नाही याची खात्री लॉगमधून करा, महिनाअखेर आणि वर्षअखेरचे जॉब धरून. आणि एकदा मेलेला ठरला की लगेच काढा, पडून राहू देऊ नका. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीचं झालं ते यामुळेच. २००३ पासून न वापरलेला कोड सर्व्हरवर तसाच होता, त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) नव्या कामासाठी वापरला गेला, आणि आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोचला नाही. त्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरांहून जास्त नुकसान.

नव्या कोडचा आकार आधी कागदावर काढा. फंक्शनचं अंग नको, त्याला मारलेल्या हाका (कॉल) लिहा, जितक्या ठिकाणांहून वापर आहे तितक्या. त्या हाकांत खरं, खोटं, खोटं, खरं अशी रांग दिसली तर थांबा: चार बूलियन फ्लॅग म्हणजे १६ शक्यता, आणि त्यातल्या तीनच खऱ्या अर्थाच्या. अशा वेळी दोन वेगळी फंक्शनं आणि त्यांच्यात खरोखर सामाईक असलेला छोटा तुकडा हेच बरं. दोनदा आलंय एवढ्यावर बेस क्लास काढू नका; तिसरी जागा येईपर्यंत थांबलात तर सामाईक काय आणि योगायोग काय हे आपोआप दिसतं. शिवाय चिकटवलेली प्रत नंतर एकत्र करणं सोपं असतं, चुकीचं अमूर्तीकरण (सगळ्यांसाठी म्हणून काढलेलं सामाईक रूप) सोडवणं महाकठीण, कारण तोवर त्याच्यावर दहा जण अवलंबून असतात. खोल इफ सरळ करायचे असतील तर कुठल्या अटींवर फंक्शनमधून लवकर बाहेर पडता येतं त्यांची यादी करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं आणि नवा क्लास वगैरे काही लागत नाही.

सामानसुमानाचं थोडक्यात. फॉर्मॅटर आधी चालवा आणि ते कमिट वेगळं ठेवा, गिटच्या २.२३ आवृत्तीपासून अशी कमिट ब्लेममधून वगळता येतात. कोड हलवणं एका कमिटमध्ये, बदलणं दुसऱ्या. त्याच फाइलींवर कुणाच्या ब्रांच (कोडच्या वेगळ्या शाखा) उघड्या आहेत ते विचारा, नाहीतर मर्जच्या भांडणात दोघांचाही दिवस जाईल. महिनाभर भिजत पडणारी मोठी ब्रांच नको. रोज मुख्य शाखेत जाईल एवढे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्यानंतर काम सोडून द्यावं लागलं तरी कोड धड राहील असा क्रम लावा. हे जमलं नाही तर एक ना धड भाराभर चिंध्या: जुनी पद्धत, नवी पद्धत आणि दोघींना जोडणारा पूल, तिन्ही कायमचे. रिलीजच्या आठवड्यात सुरुवात नको.

रिव्ह्यू कोण करणार ते नाव आत्ताच ठरवा, आणि त्या माणसाला पहिलं वाक्य, बांधून ठेवलेल्या टेस्ट आणि हात न लावायच्या अटींची यादी आधी दाखवा. त्यातल्या एखाद्या अटीचं कारण त्यालाच माहीत असण्याची शक्यता बरीच असते.