१४९२ च्या आधीचा पाटोडी रस्सा

१४९२ मध्ये कोलंबस निघण्याआधी आपल्याकडे कुणी मिरची चाखलीच नव्हती, हे आठवीच्या वर्गात सांगितलं की मुलांना पटत नाही. झणझणीत सावजी रश्श्याच्या नागपुरात पटणार तरी कसं? म्हणून मी त्यांना घरी हा रस्सा करायला सांगते.

आधी बाजाराची पिशवी ओट्यावर रिकामी करा. मिरची, टमाटर, आलू, शेंगदाणे, मका, काजू, पेरू हे सगळं मूळचं अमेरिकेतलं, ते बाजूला ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तिचेही पूर्वज पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात इकडे आले. तेलही तपासा. शेंगदाणा नको, सूर्यफूल नको. जवसाचं किंवा तिळाचं घ्या.

पाटोडीतून फक्त मिरची वगळा, बाकी काही बदलत नाही. जिरं, ओवा, लसूण, हळद यांची फोडणी, दोन वाट्या पाणी, उकळी आली की एक वाटी बेसन भुरभुरत घाला आणि हात न थांबवता घोटा. गोळा कढई सोडू लागला की तेल लावलेल्या ताटात थापा, वरून खोबरं-सांभार (कोथिंबीर) पेरा, वड्या कापा.

खरी कसोटी रश्श्याची. चार जणांसाठी एक मोठा चमचा मिरे, तीन-चार पिंपळ्या, बोटाच्या पेराएवढी सुंठ, लवंग आणि दगडफूल. पिंपळी इतवारीच्या किराणा ओळीत मिळते. कांदा, सुकं खोबरं, खसखस तव्यावर पार काळपट होईपर्यंत भाजून वाटा आणि तेल सुटेस्तोवर परता. आंबटपणाला चिंचेचा कोळ. मिरे मात्र सगळे आधी घालू नका; फार उकळले की त्यांचा वास उडतो. निम्मे शेवटी, गॅस बंद करताना ताजे कुटून घाला. रस्सा लाल दिसणार नाही, गडद तपकिरी होईल. मिऱ्याचा तिखटपणा घशाला चटकन लागतो आणि लवकर ओसरतो; मिरचीसारखा ओठांवर रेंगाळत नाही. मुलांना हा फरक जिभेवर कळू द्या. सोबत ज्वारीची भाकर.

जेवण झाल्यावर संत्रं सोला आणि उलटा प्रवास सांगा. या कुळातली फळं आशियातली. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसानं लिंबू-संत्र्याच्या बिया आणि ऊस कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर नेला. त्याच वाटेनं देवीचा रोगही गेला. १५१८ च्या अखेरीस तो या बेटावर पसरला, १५२० मध्ये मेक्सिकोतल्या तेनोच्तित्लान शहरात पोचला. तिथल्या लोकांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. घरंच्या घरं ओस पडली. पुढे उसाच्या मळ्यांना मजूर हवे म्हणून आफ्रिकेतून माणसं पकडून नेली. चार शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यातली लाखो वाटेतच मेली. हा भाग गाळू नका. मुलं लहान आहेत म्हणून आपण तो टाळतो आणि मग त्यांच्या डोक्यात कोलंबस नुसता धाडसी खलाशी म्हणून राहतो.

एकादशीलाही असं करून पाहता येतं, पण ते अवघड आहे. साबुदाणा, शेंगदाणे, आलू, रताळं, राजगिरा, हिरवी मिरची सगळंच बाद होतं. मग भगर, शिंगाड्याचं पीठ, दही आणि आलं घ्या. भगरीला तुपात जिरं-मिऱ्याची फोडणी द्या, पोटभर होते.