आरोग्य अर्थशास्त्राच्या जर्नलकडे शोधनिबंध पाठवण्यापूर्वी

मुंबईत आरोग्याच्या अर्थकारणावर काम करणारी माणसे साधारणपणे दोन दारांतून या विषयात येतात. एक दार वैद्यकीय महाविद्यालयांतील पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागांचे आणि दुसरे देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, तिच्या शेजारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा कालिना संकुलातील अर्थशास्त्र विभाग यांचे. पहिल्या दारातून येणाऱ्यांजवळ रुग्ण, केसपेपर आणि बिले असतात, तर दुसऱ्यांजवळ राष्ट्रीय सर्वेक्षणांची युनिट-स्तरीय (एकेका कुटुंबाची) आकडेवारी आणि रिग्रेशनची, म्हणजे सांख्यिकीय विश्लेषणाची, हातोटी असते. निबंध मात्र दोघांचेही परत येतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असते: ज्या संपादकाच्या टेबलावर निबंध पडला, त्याला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. म्हणून निबंध सादर करण्याचे जर्नलचे ऑनलाइन पोर्टल उघडण्याआधीचे काम येथे विस्ताराने सांगतो आणि पोर्टलवरचे थोडक्यात.

माझा स्वतःचा पहिला निबंध डायलिसिसच्या खर्चावर होता. रुग्णांच्या नातेवाइकांना बाकड्यावर बसवून औषधे, तपासण्या, लोकलचे आणि टॅक्सीचे भाडे, बुडालेली मजुरी असा एकेक खर्च आम्ही टिपला होता, सरासऱ्या काढल्या होत्या आणि मोठ्या उमेदीने तो एका नामांकित जर्नलकडे पाठवला होता. नवव्या दिवशी तो समीक्षकांपर्यंत न जाताच परत आला. मोजणी काळजीपूर्वक केलेली दिसते, परंतु कोणी काय निवडले आणि त्या निवडीने काय बदलले हे कुठेच सांगितलेले नाही, एवढाच संपादकांचा आक्षेप होता. तेव्हा राग आला होता. आता समीक्षण करताना तोच आक्षेप मी इतरांच्या निबंधांवर नोंदवतो.

तेव्हा आधी जर्नल ओळखावे. ‘जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्स’ आणि ‘हेल्थ इकॉनॉमिक्स’ ही अर्थशास्त्रज्ञांची जर्नले आहेत. तेथे आरोग्य हे क्षेत्र असते आणि वाद असतो तो विमा, मागणी, प्रोत्साहने किंवा बाजाररचना यांचा. ‘व्हॅल्यू इन हेल्थ’ आणि ‘फार्माकोइकॉनॉमिक्स’ यांचा भर उपचारांच्या मूल्यमापनावर, म्हणजे एका उपचाराऐवजी दुसरा वापरला तर जादा खर्चात किती जादा आरोग्य मिळते यावर असतो. ‘हेल्थ पॉलिसी अँड प्लॅनिंग’ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आरोग्यव्यवस्थांकडे पाहते आणि धोरण राबवताना प्रत्यक्षात काय घडले याला महत्त्व देते. आपले म्हणणे प्रामुख्याने भारतीय धोरणाच्या चर्चेत भर घालणारे असेल, तर १९६६ पासून मुंबईतूनच निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चा विचार करण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. निवड करताना इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलमधील निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याच्या) यादीपेक्षा एक साधी कसोटी अधिक उपयोगी पडते: आपल्या संदर्भयादीत त्या जर्नलमधले, गेल्या काही वर्षांतले किती निबंध आहेत ते मोजावे. एकही नसेल, तर आपला निबंध ज्या गप्पांत शिरू पाहतो आहे त्या आपण ऐकलेल्याच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

यापुढची पायरी सर्वांत अवघड आहे, म्हणून ती उदाहरणाने सांगतो. महाराष्ट्रात गरीब कुटुंबांना ठरावीक रुग्णालयांत मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये मुंबई शहर आणि मुंबई उपनगर धरून आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. आधी आठ आणि मग बाकीचे, ही रचना पाहिली की विद्यार्थ्याला तुलनेचा मोह होतोच. तो राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २००४ मधील ६०वी आणि जानेवारी ते जून २०१४ मधील ७१वी फेरी समोरासमोर ठेवतो, आठ जिल्ह्यांतील खर्च इतरांपेक्षा कमी वाढला असे दाखवतो आणि योजनेमुळे कुटुंबांचा भार हलका झाला असा निष्कर्ष लिहितो. आता हा निबंध संपादकाच्या नजरेने वाचून पाहावा. रुग्णालयात दाखल होण्याबाबत सर्वेक्षणात मागील ३६५ दिवसांची माहिती विचारली जाते. फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रगणक ज्या घरी गेला, त्या घराची आठवण फेब्रुवारी २०१३ पर्यंत मागे जाते, म्हणजे उरलेल्या जिल्ह्यांत तिचा एक भाग योजनेच्या आधीचा आणि एक भाग नंतरचा असतो. योजना न मिळालेला म्हणून जो गट घेतला, तो पुरता तसा राहत नाही. त्यातच पहिले आठ जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, गडचिरोली आणि मुंबई एकाच टप्प्यात होते, आणि या सर्वेक्षणाचा नमुना जिल्हानिहाय अंदाजांसाठी बेतलेला नाही. हे आक्षेप कोणत्याही जाणत्या समीक्षकाला पहिल्या वाचनात सुचतात. त्यांची उत्तरे आपल्याजवळ नसतील तर प्रश्नच लहान करावा: योजनेचा परिणाम सिद्ध करण्याचा दावा सोडून, कोणत्या कुटुंबांनी उपचारासाठी कर्ज काढले किंवा दागिने मोडले एवढेच नीट सांगणारा निबंध अधिक टिकाऊ ठरतो.

परिणाम दिसलाच नाही तर काय, असेही विचारले जाते. फेब्रुवारी २०१५ मध्ये आरोग्य अर्थशास्त्राच्या प्रमुख जर्नलांच्या संपादकांनी संयुक्त निवेदन काढले होते. अभ्यासाची रचना भक्कम असेल तर केवळ निष्कर्ष शून्य परिणामाचा आहे म्हणून निबंध नाकारला जाऊ नये, असा त्याचा आशय होता. सांख्यिकीय महत्त्व मिळेपर्यंत उपगट पाडत बसण्याची सवय त्यामुळे तरी सुटायला हवी.

निबंध बाहेरच्या वाचकासाठी लिहिणे ही मुंबईकर लेखकाची खास अडचण आहे. पालिकेच्या रुग्णालयात उपचार जवळजवळ मोफत असतील तर रुग्णाचा खर्च एवढा कसा, असा प्रश्न परदेशी समीक्षक हमखास विचारतो. बाहेरच्या दुकानातून आणलेले औषध, बाहेरच्या लॅबमध्ये केलेली तपासणी, सोबत राहणाऱ्या भावाचा बुडालेला रोज, किंवा परळच्या टाटा रुग्णालयात महिनोन्‌महिने उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णाचे राहण्याजेवण्याचे पैसे, हे सारे आपल्याला न सांगता कळते, त्याला कळत नाही. पद्धतीच्या भागात एक परिच्छेद याला द्यावा आणि प्रत्यक्ष वैद्यकीय, प्रत्यक्ष पण वैद्यकीय नसलेला आणि अप्रत्यक्ष असे खर्च वेगळे दाखवावेत. त्याच ओघात रकमा कोणत्या वर्षाच्या किमतींना धरल्या आहेत, डॉलरमध्ये रूपांतर करताना विनिमय दर घेतला की क्रयशक्ती समानता (दोन देशांतील किमतींच्या पातळीनुसार काढलेला दर), आणि ‘२०१७–१८’ म्हणजे आर्थिक वर्ष की दोन कॅलेंडर वर्षे, हेही लिहावे. एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट मला महागात पडली होती. माझ्या तक्त्यात १,२५,००० असे आपल्या पद्धतीने स्वल्पविराम होते. समीक्षकाने सर्व तक्ते निष्काळजीपणे टंकलेले असल्याचा शेरा मारला आणि बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडाला. इंग्रजी निबंधात लाख-कोटी आणि त्यांचे स्वल्पविराम ठेवू नयेत.

सर्वेक्षणावर आधारलेल्या निबंधांत दोन जागा नेहमी कच्च्या राहतात. ७५व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ च्या सर्वेक्षणात, घरखर्च तपशीलवार उपभोग-अनुसूचीतून विचारलेला नसून मोजक्याच प्रश्नांतून नोंदलेला आहे, त्यामुळे कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांची किंवा अन्नाव्यतिरिक्त खर्चाच्या ४० टक्क्यांची मर्यादा लावून ‘आपत्तिजनक’ (कुटुंबाला न पेलणारा) खर्च काढताना भाजकच, म्हणजे नोंदलेला घरखर्चच, थिटा पडण्याची शक्यता लेखकाने स्वतःहून मांडावी. तसेच वर्षभरात मरण पावलेल्या सदस्यांच्या रुग्णालयभरतीची नोंद या सर्वेक्षणात स्वतंत्रपणे असते. ती विश्लेषणात धरली की गाळली हे न सांगणारे निबंध माझ्याकडे अजूनही येतात, आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च वगळला तर चित्र किती बदलते हे वेगळे सांगायला नको. प्रस्तावनेविषयी एवढेच की, खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतील वाक्याने सुरू होणारे निबंध समीक्षकांनी भरपूर वाचलेले आहेत. पहिल्या परिच्छेदात आपला प्रश्न यावा.

उपचारांचे आर्थिक मूल्यमापन करणाऱ्यांनी ‘चीअर्स’ ही, निबंधात काय काय सांगावे याची तपासणी-यादी लिहायला बसण्यापूर्वीच समोर ठेवावी. तिच्या २०१३ च्या आवृत्तीत २४ मुद्दे होते, २०२२ च्या आवृत्तीत ते २८ झाले असून विश्लेषणाचा पूर्वनियोजित आराखडा, लाभ-हानीचे वेगवेगळ्या समाजगटांतील वाटप आणि रुग्णांचा सहभाग हे मुद्दे त्यात नव्याने आले आहेत. दृष्टिकोन कोणाचा, कालावधी किती, भविष्यातील खर्च आणि लाभ आजच्या मूल्यात आणण्यासाठी सूट-दर किती लावला, ही उत्तरे लपूनछपून परिशिष्टात राहू नयेत. भारतीय संदर्भात ३ टक्के सूट-दर आणि एका जादा निरोगी आयुष्यवर्षासाठी दरडोई उत्पादनाएवढ्या खर्चाची मर्यादा रूढ आहे. ती वापरावी, पण मर्यादेचे समर्थनही करावे. आरोग्याशी निगडित जीवनमानाच्या मोजमापासाठी ईक्यू-५डी-५एल या प्रश्नावलीची भारतीय मूल्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली असताना परदेशी मूल्ये वापरली, तर त्याचे कारण विचारले जाणारच.

आता पोर्टलकडे वळावे. बहुतेक जर्नले स्कॉलरवन किंवा एडिटोरियल मॅनेजर यांपैकी एका प्रणालीवर चालतात. आधी ऑर्किडचा (संशोधकाच्या जागतिक ओळखीचा) १६ अंकी क्रमांक काढून ठेवावा. अर्थशास्त्राची जर्नले जेईएल, म्हणजे अर्थशास्त्रातील विषयांच्या वर्गीकरणाचे, संकेतांक मागतात: आरोग्यसेवेच्या बाजारासाठी आय११, आरोग्यविषयक वर्तनासाठी आय१२, विम्यासाठी आय१३, विषमतेसाठी आय१४, सार्वजनिक धोरणासाठी आय१८. हे संकेतांक सहज म्हणून भरू नयेत, कारण निबंध कोणत्या संपादकाकडे आणि समीक्षकाकडे जावा हे ठरवताना त्यांचा उपयोग होऊ शकतो. नीतिसमितीच्या परवानगीचा क्रमांक द्यावा, आणि सार्वजनिक आकडेवारी वापरली असेल तर तसे एका वाक्यात नोंदवावे. लेखकांची नावे टाकताना वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चारही अटी पाहाव्यात: संकल्पनेत किंवा विश्लेषणात ठोस वाटा, लेखन किंवा चिकित्सक पुनर्लेखन, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालण्याची आपल्याकडची रीत या अटींत बसत नाही, आणि हे सरांना सांगण्याची वेळ निबंध पाठवण्याच्या आदल्या रात्री येऊ नये.

समीक्षण दुहेरी अनामिक, म्हणजे लेखक आणि समीक्षक एकमेकांना अज्ञात, असेल तर शीर्षकपान वेगळे करून भागत नाही. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव राहते, आभाराच्या ओळीत विभागाचे नाव राहते, आणि ‘आमच्या यापूर्वीच्या अभ्यासात’ या शब्दांनी सगळे उघड होते. कव्हर लेटर एका पानाच्या आत ठेवावे. त्यात सारांश पुन्हा न लिहिता, प्रश्न काय, नवे काय आणि हा निबंध याच जर्नलच्या वाचकांसाठी का, हे सांगावे. तोच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. वर्किंग पेपर (समीक्षणापूर्वीचा मसुदा) म्हणून आधी प्रसिद्ध केलेला निबंध अर्थशास्त्रात सहसा चालतो, मात्र तसे पत्रात कळवावे. लिखाणासाठी एआयची मदत घेतली असल्यास जर्नलच्या नियमानुसार जाहीर करावी.

पैशांबाबत सावध राहावे. अनेक जर्नलांत वर्गणीच्या मार्गाने निबंध छापण्यास शुल्क नसते आणि मुक्त प्रवेशाचा, म्हणजे शुल्क भरून निबंध सर्वांना मोफत वाचता येण्याचा, पर्याय स्वीकृतीनंतर विचारला जातो. काही अर्थशास्त्रीय जर्नले मात्र निबंध सादर करतानाच फी घेतात. ‘आदरणीय प्राध्यापक’ असे संबोधून आठवड्यात प्रकाशनाची हमी देणारी ईमेल सरळ डिलीट करावीत. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य जर्नलांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखण्याची जबाबदारी लेखकावर आणि त्याच्या संस्थेवर आहे.

काही महिन्यांनी समीक्षकांचे शेरे आले की त्याच दिवशी उत्तर लिहायला बसू नये. ‘मोठी दुरुस्ती’ हा निकाल नकार नाही. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर, केलेला बदल आणि पान-ओळ द्यावी. मतभेद असेल तेथे नम्रपणे पण आकड्यांसह सांगावे: दाखल झालेल्या मृत सदस्यांना धरून आणि वगळून असे दोन्ही निकाल परिशिष्टात दिल्यावर माझ्या एका कठोर समीक्षकाने पुढच्या फेरीत त्या मुद्द्यावर एक शब्दही लिहिला नाही. दोन समीक्षकांच्या मागण्या परस्परविरोधी असतील तर आपण कोणती बाजू घेतली आणि का, हे संपादकांना उद्देशून वेगळे लिहावे.

स्वीकृतीनंतर येणारी प्रुफे तपासायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात. ती मोबाइलवर, लोकलमध्ये उभ्याने वाचू नयेत. तक्ते छापून घ्यावेत आणि एकाने मूळ आकडा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने प्रुफातल्या आकड्यावर पेन्सिलीने टिंब द्यावे. शून्ये आणि स्वल्पविराम तेथे शेवटचे सापडतात.