चिठ्ठीतला बांगलादेश

2018 साल. काटोलला संत्रा बागायतदारांच्या एका गटाची बैठक होती. तिसेक जण, आणि भविष्य अभ्यासाचं (पुढं काय काय घडू शकतं याचा पद्धतशीर विचार) काम घेऊन नागपुरातून नव्या कोऱ्या पदवीसह गेलेला मी. प्रश्न ठेवला: दहा वर्षांनी आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या संत्र्याचा, माल कुठं जाईल? अध्यक्ष म्हणाले, "बांगलादेश हाये ना बाप्पा, कायले डोकं लावता?" मग कोणी तोंडच उघडेना.

अशा वेळी डेल्फाय पद्धत कामी येते. ती 1950च्या दशकात अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत निघाली. मतं निनावी घ्यायची, सगळ्यांची सगळ्यांना दाखवायची, पुन्हा विचारायचं. आम्ही चिठ्ठ्या वाटल्या. दुसऱ्या फेरीत सात चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट: "बांगलादेशानं ड्युटी वाढवली तं?" अध्यक्ष हसले.

पुढं बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क खरंच वाढवत नेलं. निर्यात आटली. गटातल्या चौघांनी तोवर दक्षिणेतले आडते धरले होते. बाकीच्यांनी नागपूरच्या कळमना बाजारात मिळेल त्या भावाला माल काढला.

मग आमच्यामुळे फरक पडला का? तिसांत चौघं. त्यातल्याही एकानं तोंडावर सांगितलं, "माया साळा बंगळुरातच राहते, तुमच्या बैठकीच्या आधीपासून." भविष्य अभ्यासात हे दुखणं कायमचं आहे. बैठक झालीच नसती तर काय झालं असतं, हे मोजायला काही साधन नाही.

हा विषय शिकताना शेल या तेल कंपनीची गोष्ट हमखास ऐकाल. तिथले नियोजक पिएर वाक आणि सहकाऱ्यांनी तेलटंचाईचं चित्र साहेबांपुढं मांडलं, आणि 1973च्या ऑक्टोबरात संकट आलं. ते ऐकून भाकितं करायला निघू नका. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी 284 तज्ज्ञांची भाकितं वर्षानुवर्षं तपासली. साध्या गणिती सूत्रांपुढंही तज्ज्ञ फिके पडले. वाक यांना तारीख सांगायची नव्हतीच. 'स्वस्त तेल येतच राहणार' ही समजूत हलवायची होती. आम्ही तेवढंही केलं नाही. चिठ्ठ्या उघडल्या, चहा घेतला आणि अहवाल लिहायला नागपूरला परतलो. कोणता आडत्या, किती क्रेट, कोणत्या हंगामापासून, हे तिथंच बसून ठरवायला हवं होतं.

तुम्ही यात येत असाल तर एक सांगतो. केरळ विद्यापीठात याचा स्वतंत्र विभाग आहे, पण 'भविष्य अभ्यासक' अशा पाटीची नोकरी नागपुरात शोधत बसू नका. आधी पाणी, शेती, विमा, वाहतूक यांतलं एक नीट शिका. संख्याशास्त्र टाळू नका (मी टाळलं, अजून फेडतोय). काम घेण्याआधी विचारा, हा अहवाल वाचून कोण कोणता निर्णय बदलणार, आणि कधी? 'सगळ्यांनाच उपयोग होईल' असं उत्तर आलं तर पैसे आगाऊ घ्या.

मागच्या उन्हाळ्यात त्याच गटानं पुन्हा बोलावलं. या वेळी विषय पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराच्या पाण्याचा होता. अध्यक्ष तेच. मी पोचलो तेव्हा ते कॅलेंडरचा जुना कागद फाडून चिठ्ठ्या करत बसले होते.